बॅकलेस ब्लाऊज आणि गाऊनच्या आत काय घालायचं: माप, शिलाई, टेप आणि सोलापूरचा उन्हाळा

ब्लाऊज शिवून येतो. मागचा गळा खोल, नाडीला लटकन लावलेले, फिटिंगही झकास. आणि लग्नाच्या आदल्या रात्री कपाट उघडल्यावर लक्षात येतं की आत घालायला काहीच नाही, कारण घरातल्या प्रत्येक ब्राची पट्टी मागून दिसते. मग सकाळी नवी पेठेत धावपळ, दुकानदार पुढे करील ते पाकीट घ्यायचं आणि संध्याकाळभर पदर सावरत बसायचं. हा क्रमच उलटा आहे. बॅकलेसमध्ये आतलं काय ते आधी ठरतं, कापड शिंप्याकडे त्यानंतर जातं.

कारण साधं आहे. साध्या ब्रामध्ये छातीचा बहुतेक भार खांद्यावरच्या पट्ट्या पेलत नाहीत, छातीखालून पाठीमागे जाणारा आडवा पट्टा पेलतो. खात्री करायची तर नेहमीची नीट बसणारी ब्रा घालून खांद्याच्या दोन्ही पट्ट्या खाली सोडून बघा. कप थोडे सैलावतील, पण ब्रा जागेवरच राहील. बॅकलेस कपड्यात नेमका हाच आडवा पट्टा काढून टाकावा लागतो. मग भार कोण घेणार? उत्तरं तीनच आहेत: पट्टा पाठीच्या आणखी खाली न्यायचा, भार ब्लाऊजवरच टाकायचा, किंवा चिकटपट्टीच्या जोरावर तो कातडीवर टाकायचा. बाजारात नावं पन्नास असली तरी प्रत्येक वस्तू या तिघांपैकी एका खणात बसते.

पाठ नेमकी किती उघडी?

‘डीप बॅक’ या शब्दावर काहीच ठरवता येत नाही. नीट बसणारी ब्रा घाला आणि कुणाला तरी मागून मोजायला सांगा. मोजपट्टी खांद्यावर, मानेला लागून, ब्लाऊजची शिवण येते तिथे धरा आणि सरळ खाली, ब्राच्या मागच्या पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंत आणा. हा पहिला आकडा. तशीच खाली पट्ट्याच्या खालच्या कडेपर्यंत न्या, तो दुसरा. दोन्ही कागदावर लिहा. शिंप्याला मागच्या गळ्याची खोली सांगताना हे आकडे समोर हवेत.

खोली पहिल्या आकड्यापेक्षा इंचभर तरी कमी असेल, तर काही वेगळं घ्यायचं कारण नाही. पट्ट्या मानेमागे किंवा पाठीवर फुलीसारख्या लावता येणारी मल्टिवे ब्रा पुरते. खोली या दोन आकड्यांच्या आसपास असेल, तर ब्लाऊजची खालची पट्टीच ब्राचं काम करू शकते. त्याबद्दल पुढे सविस्तर आहे, कारण साडी नेसणाऱ्यांसाठी सगळ्यात भरवशाची वाट तीच. खोली दुसऱ्या आकड्याच्याही खाली, थेट कमरेपर्यंत गेली, तर चिकट वस्तू किंवा खाली नेलेला पट्टा एवढंच उरतं.

छातीचं माप, पुन्हा एकदा

दहावीत घेतलेल्या मापावर तिशीपर्यंत ब्रा घेणाऱ्या खूप जणी आहेत. बॅकलेसमध्ये ही चूक लपत नाही. छातीच्या लगेच खाली मोजपट्टी आडवी, जमिनीला समांतर धरा आणि श्वास सोडून सेंटिमीटरमध्ये मोजा. 68 ते 72 आलं तर 32 नंबर, 73 ते 77 ला 34, 78 ते 82 ला 36, 83 ते 87 ला 38. मग छातीच्या सगळ्यात भरलेल्या जागेवरून, पट्टी न आवळता, दुसरं माप घ्या. दोन मापांतला फरक 12 ते 14 सेंटिमीटर असेल तर ए कप, 14 ते 16 बी, 16 ते 18 सी, 18 ते 20 डी. कंपनीगणिक थोडं मागेपुढे होतं, म्हणून पाकिटावरचा तक्ताही बघावा.

चिकट ब्रा घेताना नुसतं कपाचं अक्षर विचारतात, कारण तिला पट्टाच नसतो. पण अक्षर पट्ट्याच्या नंबराशी बांधलेलं असतं: 32 च्या सी कपापेक्षा 38 चा सी कप बराच मोठा. म्हणून दुकानात नुसतं “सी द्या” म्हणू नका, पूर्ण नंबर सांगा.

पहिली वाट: पट्टा खाली नेणं

यासाठी ‘लो बॅक कन्व्हर्टर’ नावाची इलास्टिकची पट्टी मिळते. ती ब्राच्या मागच्या हुकांना अडकवतात, कमरेभोवती फिरवून पुढे आणतात आणि तिथे अडकवतात. त्यामुळे ब्राचा मागचा पट्टा इंग्रजी व्ही अक्षरासारखा खाली ओढला जातो. घेण्याआधी आपल्या ब्राला हुक दोन आहेत की तीन ते मोजा, कन्व्हर्टरही तेवढ्याच हुकांचा लागतो. फार आवळला तर पुढची तार वर उचलली जाऊन बरगडीत टोचते. दोन बोटं सरकतील इतकाच ताण ठेवायचा.

पण हा प्रकार गाऊनसाठी आहे, साडीसाठी नाही. ब्लाऊज छातीखाली संपतो आणि साडीत डावीकडची कंबर उघडी राहते. कन्व्हर्टरचा पट्टा नेमका तिथूनच जातो. घागरा-चोलीतही तेच. पाकिटावरचा फोटो गाऊनमधला असतो, म्हणून हे घरी आणल्यावर कळतं.

याच खणातला दुसरा पर्याय म्हणजे खोल पाठीचा बॉडीसूट. गाऊनच्या आत उत्तम बसतो. मात्र सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत अंगभर नायलॉन-स्पँडेक्स चढवायची तयारी असेल तरच.

दुसरी वाट: भार ब्लाऊजवर टाकणं

“मावशी, पॅड टाकून द्या” एवढं सांगून आलं की काम झालं असं वाटतं. पॅड आकार देतो, निपल झाकतो; तो उचलून धरत नाही. उचलून धरतो तो छातीखालचा घट्ट घेर. म्हणून शिंप्याशी बोलणं पॅडपासून नाही, खालच्या घेरापासून सुरू करायचं.

मागच्या खालच्या पट्टीची रुंदी किमान 2 इंच, जमल्यास अडीच ठेवा आणि तिला तीन हुक लावून घ्या. ही पट्टी ब्राच्या पट्ट्याच्या उंचीवर असली की ब्रा घातल्यासारखीच वागते. अर्धा इंचाची पट्टी आणि दोन नाड्या दिसायला सुरेख, पण आधाराच्या हिशेबात शून्य. नाडीची गाठ तासाभरात सैल पडते आणि पुढची कटोरी (छातीवरचा गोलाकार भाग) खाली उतरते. वरची नाडी खांदे घसरू नयेत एवढ्यासाठीच असते. हॉल्टरमध्ये, म्हणजे मानेमागे बांधायच्या ब्लाऊजमध्ये, सगळा भार मानेच्या नाडीवर आला, तर जेवणाची पंगत बसायच्या आत मान दुखू लागते.

खालचा घेर अंगाच्या मापाइतकाच, सैलपणा न ठेवता मागा. आतून 1 इंच रुंदीचा इलास्टिकचा वेगळा बेल्ट लावून घ्या. तो अस्तराला दोन्ही बाजूंच्या शिवणीत पकडलेला असतो, मागे त्याला स्वतंत्र हुक असतो आणि छातीखालच्या घेरापेक्षा तो 2 इंच कमी असतो. आधी आतला बेल्ट लावायचा, मग बाहेरचे हुक. ताण आतल्या बेल्टवर राहतो, त्यामुळे बाहेरच्या कापडाला चुण्या पडत नाहीत आणि हुकांपाशी कापड ओढल्यासारखं दिसत नाही.

आता मापाची मेख. ब्रा न घालता वापरायच्या ब्लाऊजचं माप ब्रा न घालता देणं तर्काला धरून वाटतं, पण चूक तिथेच होते. आधाराशिवाय छातीचा उंचवटा खाली असतो. भरलेल्या अंगाला हा फरक इंच-दीड इंचाचाही पडतो. त्या मापावर कटोरी कापली की उंचवटा कायमचा खाली शिवला जातो. म्हणून माप नीट बसणारी, पातळ कपाची ब्रा घालून द्यायचं आणि शिंप्याला दोन आकडे मुद्दाम लिहायला लावायचे: खांद्यापासून उंचवट्यापर्यंत आणि दोन उंचवट्यांमधलं अंतर. पॅड कुठे बसणार ते या दोन आकड्यांवर ठरतं. ट्रायलला पॅड शिवलेले नकोत, टाचणीने लावलेले हवेत. तुम्ही आरशासमोर ताठ उभं राहायचं आणि जागा खडूने तिथेच पक्की करायची. टेबलावर ठेवून शिवलेले पॅड बहुतेकदा काखेकडे सरकलेले निघतात.

सी कपाच्या पुढे पॅडऐवजी खऱ्या ब्राचे कप शिवून घेतलेले बरे. नीट बसणारी, शक्यतो तारेची ब्रा घ्या, दोन्ही बाजूंच्या शिवणीपाशी तिचा मागचा भाग कापा आणि पुढचा भाग अस्तराला हातशिलाईने, दुहेरी दोऱ्याने जोडून घ्या. टाके मधोमध, तारेच्या बाहेरच्या टोकांपाशी आणि बाजूच्या शिवणीत. कपाची वरची कड पूर्ण शिवली तर हात वर करताच ब्लाऊज कपासकट उचलला जातो. तिथे एक-दोन सैल टाके पुरेत. टाका अस्तरातूनच गेला पाहिजे. वरच्या कापडातून गेला की सिल्कवर खळगा दिसतो आणि तो इस्त्रीनेही जात नाही.

बाजूच्या आणि प्रिन्सेस कटच्या (छातीवरून खाली जाणाऱ्या उभ्या) शिवणीत प्लास्टिकचे बोन, म्हणजे ताठ पट्ट्या, घातले की खालची कड गुंडाळत नाही. बोन शिवणीपेक्षा दोन्ही टोकांना अर्धा इंच आखूड हवा आणि टोकं गोल कापलेली हवीत. नाहीतर पहिल्यांदा खुर्चीत बसताच तो काखेत किंवा पोटात टोचतो.

कापडाचाही विचार करा. खण, पैठणीचं कापड, ब्रोकेड ही न ताणणारी कापडं भार छान पेलतात; आत सुती अस्तर असलं की झालं. जॉर्जेट आणि नेटचा बॅकलेस करायचा असेल तर अस्तर दुहेरी घ्यावं लागतं. लायक्राचा तयार ब्लाऊज घालताना सुखाचा वाटतो, पण तो अंगाबरोबर खाली जातो, उचलून धरत नाही. आणि बाजूच्या शिवणीत इंचभर माया, म्हणजे जादा कापड, ठेवायला सांगा. घेर इतका नेमका असताना दोन किलो वजन इकडेतिकडे झालं तरी हुक लागत नाहीत.

तिसरी वाट: चिकट ब्रा आणि टेप

नुसती ‘पेटल’ म्हणजे निपल झाकायच्या गोल चकत्या. त्यांचा आधाराशी काही संबंध नाही. छाती लहान असेल आणि ब्लाऊज घट्ट असेल, तर तेवढ्यानेही भागतं.

सिलिकॉनची चिकट ब्रा ए ते सी कपाला बरी. पुढे मधोमध क्लिप असते. जाड सिलिकॉनचा कप स्वतःच जड असतो, त्यामुळे छाती जितकी भरलेली तितका तो लवकर घसरतो. बाहेरून कापडी असलेला पातळ प्रकार हलका पडतो. लावायची रीत अशी:

1. साबणाने अंघोळ करा, अंग पूर्ण कोरडं करा आणि अर्धा तास थांबा. त्या जागी क्रीम, तेल, पावडर, अत्तर काही नको. पावडरने घाम थांबेल असं वाटतं, पण गोंद पावडरीलाच चिकटतो आणि तिच्यासकट सुटून येतो.
2. क्लिप उघडी ठेवून एकेक कप स्वतंत्र लावा. कप आधी उलटा दुमडा, खालची कड छातीच्या खालच्या बाजूला टेकवा आणि वरच्या दिशेने सपाट करत न्या.
3. प्रत्येक कप हव्या त्या जागेपेक्षा किंचित बाहेरच्या बाजूला लावा. क्लिप लावल्यावर दोन्ही आत ओढले जातात. आधीच जवळजवळ लावले तर क्लिपनंतर छातीचा एकच गोळा दिसतो.
4. कडांवर अर्धा मिनिट तळवा दाबून धरा. कड सुरकुतली तर काढून पुन्हा लावा. सुरकुतीतून घाम आत शिरतो आणि कप तिथूनच सुटायला लागतो.

सी-डीच्या पुढे टेप सरस, म्हणजे छाती उचलून धरण्यासाठी थेट कातडीवर लावायची चिकट सुती पट्टी. 5 सेंटिमीटर रुंदीचा रोल साधारण बांध्याला, साडेसात सेंटिमीटरचा भरलेल्या अंगाला. एका बाजूला 20 ते 30 सेंटिमीटरच्या चार पट्ट्या धरल्या, तर एका वेळेला दोन मीटरच्या आसपास टेप जातो. 5 मीटरचा रोल म्हणजे एक सराव आणि एक समारंभ, एवढंच गणित.

पट्ट्या आधीच कापून कोपरे गोल करून ठेवा; टोकदार कोपरा कपड्याला घासून उचकटतो. निपलवर कापसाची चकती किंवा पेटल ठेवल्याशिवाय टेप लावूच नका, काढताना जीव जाईल. एका हाताने छाती हव्या त्या उंचीला उचलून धरा, पट्टीचं पहिलं टोक छातीच्या खाली न ताणता चिकटवा आणि मधला भाग थोडा ताणत वर खांद्याच्या दिशेने न्या. शेवटचे दोन इंच पुन्हा अजिबात न ताणता ठेवा. फोड येतात ते याच टोकांपाशी, कारण ताणलेलं टोक रात्रभर कातडी ओढत राहतं. पुढच्या पट्ट्या पहिलीवर थोड्या चढवत लावा. एक पट्टी काखेखालून आत आणा, पण ती मागे पाठीच्या उघड्या कडेच्या इंचभर आधीच संपली पाहिजे. छातीभोवती टेपचा पूर्ण वेढा कधीही घालू नका, श्वास अडकतो. शेवटी तळव्याने चोळा; उबेने गोंद धरतो. निघायच्या निदान अर्धा तास आधी हे सगळं व्हायला हवं.

पॅकिंगचा टेप, इलेक्ट्रिकचा टेप, जखमेवरची चिकटपट्टी या ‘जुगाडां’च्या नादी लागू नका. कातडीचा पापुद्रा निघतो.

टेप असो वा सिलिकॉन, दोन इंचाचा तुकडा किंवा कपाची कड एक दिवस आधी बरगडीवर लावून बघा. खाज, लाली, पुरळ आलं तर तो प्रकार बाद. वॅक्सिंग किमान दोन दिवस आधी उरका. अंगावर पाजणाऱ्या आईने, किंवा त्या जागी घामोळं, इसब, जखम असेल तर चिकट काहीच लावू नये. सोलापुरात मे महिन्यात घामोळं नसलेली छाती सापडणं कठीण, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

42 अंशांत गोंदाचं काय होतं

गोंद आणि कातडी यांच्यामध्ये घामाचा थर आला की पकड गेली. सिलिकॉनमधून हवा खेळत नाही, घाम आतच साचतो. सुती टेपमधून थोडा तरी बाहेर पडतो. त्यामुळे उन्हाळ्यातली पसंती अशी: पहिला शिवलेला ब्लाऊज, मग टेप, सगळ्यात शेवटी सिलिकॉन. जानेवारीत गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या) यात्रेच्या दिवसांत, थंडीतल्या संध्याकाळी मात्र सिलिकॉन चार-पाच तास सहज टिकतं.

तयार व्हायला कूलरसमोर बसू नका. कूलर पाण्यातून वारा फेकतो, अंगावर दमटपणा राहतो. पंख्याच्या किंवा एसीच्या खोलीत लावा. दुपारच्या मुहूर्ताला साधा ब्लाऊज आणि संध्याकाळच्या रिसेप्शनला बॅकलेस, ही वाटणी गोंदालाही सोयीची. हळदीला चिकट प्रकार नकोच: हळद-तेल कडेखाली गेलं की वरून कितीही दाबा, कप हातात येतो, आणि गोंद पिवळा पडतो तो वेगळाच.

खालचं आणि रंगाचं थोडक्यात

गाऊनची पाठ कमरेपर्यंत असेल तर उंच कमरेचा शेपवेअर मागून डोकावतो. कमी उंचीची, शिवणीच्या कडा नसलेली पँटी घ्या. साडीत परकराची नाडी घट्ट आवळली की तिच्यावर पाठीची वळी पडते आणि उघड्या पाठीत तीच आधी दिसते. रुंद पट्ट्याचा परकर किंवा साडी शेपवेअर बरा. पांढऱ्या कपड्याआत पांढरं दिसतं. आपल्या कातडीच्या रंगाचं दिसत नाही. पाकिटावरचा ‘स्किन’ रंग मात्र बहुतेकदा फिकट गुलाबी असतो, तेव्हा मनगटाशी लावून बघा. पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्या घेऊच नयेत असं आमचं मत. व्हिडिओवाल्याच्या लाइटखाली त्या चमकतात, घामाने कातडीला चिकटतात आणि काही महिन्यांत पिवळ्या पडतात.

रंगीत तालीम

दोन दिवस आधी सगळा जामानिमा घाला. दोन्ही हात वर करा, जिना चढा-उतरा, दहा मिनिटं खुर्चीत बसा. मग आरशासमोर वाकून नमस्कार करा, एकदा नाही, दहादा. लग्नात तेवढे होतातच. वाकल्यावर ब्लाऊजची पुढची कड अंगापासून सुटत असेल तर तिथे अर्धा इंच रुंदीचा दुहेरी चिकट फॅशन टेप लावा. मागून मोबाईलचा फ्लॅश मारून फोटो काढायला सांगा. डोळ्यांना न दिसलेली टेपची कड फोटोत दिसते. पिशवीत चार पट्ट्या टेप, दोन सेफ्टी पिना आणि कोरडा सुती रुमाल ठेवा.

काढणं आणि जपणं

टेप ओरबाडून काढू नका. खोबरेल तेल कडांवरून चोळा, दहा मिनिटं थांबा, मग एका हाताने कातडी दाबून धरत पट्टी अंगालगत, मागे दुमडत सोडवा. नंतर कोमट पाण्याने धुवा आणि त्या रात्री तिथे काही लावू नका. सिलिकॉनला मात्र तेल लावू नका, नुसतं वरच्या कडेपासून हळूहळू सोडवा. सहा-आठ तासांपेक्षा जास्त वेळ ते अंगावर ठेवायचं नाही आणि घालून झोपायचं तर मुळीच नाही.

सिलिकॉनचे कप कोमट पाण्यात, सौम्य साबणाचे दोन थेंब घेऊन बोटांनी गोल गोल धुवा. नखं लावू नका. पुसायला सोलापुरी टॉवेल घेऊ नका. कितीही चांगला असला तरी त्याच्या लूपांचे बारीक तंतू गोंदात रुततात आणि कप एका धुण्यात निकामी होतो. गोंदाची बाजू वर करून सावलीत वाळू द्या आणि आधीचा प्लास्टिकचा पापुद्रा लावून डबीत ठेवा. म्हणून विकत आणल्यावर तो पापुद्रा फेकायचा नाही. दुकानातही आधी तोच बघा: पाकीट सीलबंद हवं आणि पापुद्रा जागेवर हवा, कारण उघडलेली चिकट वस्तू सहसा कुणी परत घेत नाही.